‘शाळा सोडल्याचे कारण’ : आमच्या हायस्कुलाची जुनी रजिस्टरं

आंत्रुजकर

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या सरकारी हायस्कुलाचं छप्पर उतरवायचं काम निघालं. हेडमास्तरांच्या खोलीमागे एक अडगळीची खोली आहे, ती मोकळी करायला आम्हा चार-पाच माजी विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. मोडकी बाकं, पृथ्वीचा चेपलेला गोल, लेझिमांचा ढीग, नाटकाचा कुजलेला पडदा. आणि भिंतीतल्या कपाटात अगदी तळाला अकरा रजिस्टरं. रद्दीच्या गोणीत जायच्या बेतात होती. हेडमास्तरांना लेखी देऊन मी ती तात्पुरती घरी आणली. महिनाभर रोज रात्री जेवणं आटोपली की एकेक पान वाचतोय.

थोडं शाळेविषयी. आमच्या आंत्रुज महालात (हल्लीचा फोंडा तालुका) देवळांचं गाव म्हणून ज्याची ओळख, तसलंच आमचं गाव. आधी शेणैमामांची शाळा होती. शेणैमामा म्हणजे घरोघरच्या मुलांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला लावणारे मास्तर. १९१० साली पोर्तुगालात राजेशाही गेली, रिपब्लिक आलं, हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले आणि गोवाभर मराठी शाळांना धुमारे फुटले. आमच्या गावकऱ्यांनी त्याच वाऱ्यात देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांना उतरायच्या खोल्यांत) वर्ग भरवायला सुरुवात केली. मुक्तीनंतर शाळा सरकारी झाली, पुढे दहावीपर्यंतचे वर्ग जोडले, चिऱ्यांची नवी इमारत आली. अग्रशाळेतून शाळा नव्या जागी हलली तेव्हा रजिस्टरं कुणीतरी डोक्यावरून आणली असणार. त्या माणसाचे उपकार आहेत.

रजिस्टरचे रकाने ठरलेले. अनुक्रम, नाव, बापाचे नाव, जन्मतारीख, कुठल्या वाड्यावरचा, दाखल दिनांक, सोडल्याचा दिनांक. शेवटचा रकाना ‘शाळा सोडल्याचे कारण’. मी त्या रकान्यात अडकलोय. काही नोंदी जशाच्या तशा देतो, नावं गाळून:

‘मुंबईस मामाकडे गेला.’
‘लग्न झाले.’ (वय अकरा.)
‘मयत. ताप.’
‘पोर्तुगेज शाळेत घातला.’
‘दुकानात राहिला.’
‘येत नाही.’
‘लिसेवांत गेला.’ (लिसेव म्हणजे पणजीचं पोर्तुगीज सरकारी हायस्कूल. अकरा रजिस्टरांत ही नोंद एकदाच.)
आणि एका ठिकाणी: ‘गुरे राखतो. हुशार होता.’

‘हुशार होता’ हे दोन शब्द लिहायची त्या मास्तरांना काही गरज नव्हती. रकाना तसा अरुंद आहे. अक्षरं बारीक करून, समासात घुसवून लिहिलीत.

एका कार्यालयात जाऊन विचारलं, ही रजिस्टरं कुठे जपता येतील का? उत्तर मिळालं की इतकं जुनं आता लागत नाही, तुम्हीच ठेवा. म्हणून इथे धागा काढतोय. दोन गोष्टी हव्यात. ही रजिस्टरं टिकवायची कशी, ते जाणकारांनी सांगावं. आणि गोव्यातल्या ज्या ज्या जुन्या शाळांत तुम्ही किंवा तुमची आधीची पिढी शिकली, तिथल्या रीती, आठवणी लिहाव्यात. पहिलं रजिस्टर मोडीत आहे, तेही कुणाला वाचता येत असेल तर सांगा.

---

शेवंती

आंत्रुजकर, ‘हुशार होता’ वाचून हातातलं काम थांबलं. सविस्तर नंतर लिहिते. तोवर एक विचारते, मुलींची नावं कधीपासून दिसतात?

---

बेतीची फेरी

तुमच्या त्या एका ‘लिसेवांत गेला’बद्दल लिहितो, कारण आमचे आजोबा लिसेवात शिकले. ती नोंद केवढी मोठी आहे हे आजच्या मुलांना कळायचं नाही.

१८४३ साली पणजी ‘नोव्हा गोवा’ या नावाने राजधानी झाली. आधीच्या वर्षी वैद्यकीय शाळा निघाली होती, आणि १८५४ मध्ये सरकारने लिसेव काढलं. पुढे त्याला आफोंस द आल्बुकेर्कचं नाव दिलं. सरकारी माध्यमिक शिक्षण म्हणजे लिसेव, असं शंभर वर्षं समीकरण होतं. आल्तिनोच्या टेकडीवरच्या त्या इमारतीत नंतर मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसायचं, २०२१ मध्ये ते पर्वरीला गेलं. वकिलीच्या निमित्ताने मी तिथे कितीदा तरी गेलो असेन, पण आजोबा ज्या वर्गात बसत तो कुठला हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

लिसेवात जायला आधी चार वर्षांचं पोर्तुगीज प्राथमिक लागायचं. प्रिमैर ग्राव, मग सेगुंद ग्राव, त्यावर प्रवेश परीक्षा. म्हणजे तुमच्या अग्रशाळेत मराठी तिसरी-चौथी झालेल्या मुलाला पुन्हा अ-आ-इ पासून, तेही परक्या भाषेत. लिसेवाचा अभ्यासक्रम सात वर्षांचा. पाच वर्षांचा सर्वसाधारण, त्यापुढची दोन वर्षं वेगळ्या शाखांची. पोर्तुगीज तर होतीच, वर फ्रेंच, इंग्रजी, लॅटिन. गुण वीसपैकी, दहाला पास. आजोबा नव्वदीतसुद्धा कुणी दहावीचे टक्के सांगितले की मनातल्या मनात हिशेब करून म्हणत, ‘म्हणजे चौदा वालोर. बरे आहेत.’

आमचं घर बार्देशात. आजोबा सोमवारी पहाटे बेतीहून गाझोलिनीतून (मोटरलाँचमधून) मांडवी ओलांडत, आठवडाभर पणजीत एका नातलगांच्या बिऱ्हाडी राहत आणि शनिवारी परत. बरोबर तांदळाची पुरचुंडी आणि सोलं. त्या नातलगांकडे आणखी तीन मुलं अशीच राहायची, चौघांत एक दिवा. फ्रेंच कविता ते ओसरीवर येरझाऱ्या घालत पाठ करायचे, ती सवय शेवटपर्यंत राहिली. माझी आजी कोंकणीखेरीज काही बोलायची नाही, पण ऐकून ऐकून तिला त्यातल्या एका कवितेच्या चार ओळी पाठ होत्या.

तो तुमच्या गावचा मुलगा फोंड्याहून जाणार म्हणजे त्याच्यामागे सगळं घर उभं असणार. शोध लागला तर जरूर लिहा.

---

कागदवाला

ग्रंथालयात नोकरी केली, आता निवृत्त. जपणुकीबद्दल सांगतो, कृपया आधी हेच वाचा.

लॅमिनेशन करू नका. कुणी कितीही सांगो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं घेऊन जातो. उन्हात वाळवू नका. पान दमट असेल तर पंख्याखाली, सावलीत, वर पातळ सुती कापड टाकून. मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या बाजूला धूळ झाडा, तोंडाने फुंकू नका.

शाई तपकिरी झालीय का ते बघा. जुनी लोखंड आणि माजूफळाची शाई असेल तर ती कागद हळूहळू खाते, अक्षराच्या जागी भोकं पडतात. तशी पानं असली तर ती उघडझाप करायचीच नाहीत, एकदा फोटो काढायचे आणि बंद. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, मोबाइल अगदी सरळ वरून धरून. प्रत्येक पानासोबत पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. कोरी पानंसुद्धा घ्या. कोऱ्या पानांच्या मागे पुष्कळदा हिशेब सापडतात.

नंतर धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात बासनासारखं बांधा, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. गोव्याच्या पावसात भिंत पाणी पिते. कडुनिंबाची पानं घालायची तर पूर्ण वाळलेली, ओली घातली तर उलट बुरशी येते. कसर आणि वाळवी दर महिन्याला बघायची.

फोटोंच्या तीन प्रती करा: एक शाळेत, एक तुमच्याकडे, एक पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात देता येते का ते विचारा. १८३२ सालापासूनचं ग्रंथालय आहे ते.

---

कुळागर

माझी शाळा सत्तरी तालुक्यातली, पण रीत सगळीकडे एकच असावी. लिहितो ती सरस्वतीपूजनाची.

गोव्याबाहेरच्या मित्रांना हे सांगितलं की नवल वाटतं. आमच्याकडे नवरात्राच्या दिवसांत शाळेत सरस्वती बसते आणि तो साऱ्या गावाचा सण असतो. आठ दिवस आधीपासून पताका. वर्गाच्या पुढ्यातलं अंगण शेणाने सारवायला पालकांच्या पाळ्या. मूर्ती आणायला पोरं ढोलकी-झांज घेऊन जायची आणि घाट चढून येईपर्यंत एकही भजन अर्धं सोडायचं नाही असा दंडक. पाटीवर खडूने सरस्वती काढायची, आकड्यांतून उभी राहणारी. पहिल्यांदा शाळेत येणाऱ्या मुलाला मास्तर मांडीवर घेऊन ती गिरवून घेत. प्रसादाला पंचखाजें. चण्याची डाळ, गूळ, चून (खवलेला नारळ), तीळ, वेलची. केळीच्या पानाच्या तुकड्यावर दोन्ही हातांनी घ्यायचं.

संध्याकाळी मुलींच्या फुगड्या, मग रात्री नाटक. आधी मुलांचं, मग गावातल्या मोठ्यांचं. पडदे भाड्याने आणायचे. गॅसबत्तीभोवती किडे जमायचे, ते सोंगाच्या तोंडावर बसायचे आणि राजा तलवार खाली ठेवून आधी किडा झाडायचा. ते बघून कुणी हसत नसे, कारण राजा आमचाच मास्तर.

आमच्या वाड्यालगत किरिस्तांव घरं होती, त्यांची मुलंही शाळेत. त्यातल्या एका घरून दरवर्षी पूजेला केळ्यांचा घड यायचा. घरातल्या आजीने चालू केलं होतं, नातवाने चालू ठेवलं. शाळेची पटसंख्या घटली, चार वर्षांपूर्वी शाळा शेजारच्या गावात विलीन झाली. त्या वर्षी घड घेऊन नातू आला आणि कुलूप बघून थांबला. मग आम्ही दोघांनी व्हरांड्यातच पाटी उभी केली, घड ठेवला, समई लावली. अजूनही दरवर्षी करतो. यंदा अकरा माणसं होती.

---

म्हादई

धागा उत्तम चाललाय. बेतीची फेरी यांनी लिसेवाचं लिहिलं, त्याला जोड म्हणून दुसरी वाट सांगते, कारण आंत्रुजकरांच्या रजिस्टरातले ‘मुंबईस गेला’वाले त्या वाटेने गेलेत.

ज्यांना पोर्तुगीज वाट नको होती किंवा परवडत नव्हती, त्यांच्यासाठी मराठीनंतर इंग्रजी हायस्कूल आणि मुंबईची मॅट्रिक. गोव्यात इंग्रजी शाळा फार आधीपासून होत्या. हडफड्याचं सेंट जोझेफ १८८७ सालचं, विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रींनी काढलेलं. राज्य पोर्तुगीजांचं आणि परीक्षा मुंबईची, हे विचित्र वाटेल, पण पोट मुंबईत होतं. आगबोटीने नाहीतर कॅसलरॉकच्या गाडीने मुंबई गाठायची आणि तिथे हापिसात लागायला मॅट्रिक हवी.

आणि हिंदू समाजाने काढलेल्या शाळांचं बळ कुठून आलं ते नावातच आहे. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ सालची. रोज शिजवायच्या तांदळातली एकेक मूठ बाजूला काढायची, घरोघरची ती मूठ गोळा करायची आणि त्यातून काम चालवायचं. माझ्या आजीच्या सासरी ओट्याजवळ एक मातीचं मडकं होतं, त्याला घरात ‘मुठीचें’ म्हणत. कशासाठी ते मला मोठी झाल्यावर कळलं. आजी तांदूळ धुवायच्या आधी मूठ काढायची, धुतल्यावर कधीच नाही. मूठ द्यायची तर कोरडी, टिकणारी.

मुक्तीनंतर १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा उघडल्या. पण दहावी-अकरावीची परीक्षा पुण्याच्याच बोर्डाची. गोव्याचं आपलं बोर्ड १९७५ मध्ये आलं. माझ्या वडिलांच्या आणि धाकट्या काकांच्या सर्टिफिकेटांवर वेगवेगळी बोर्डं आहेत, शाळा एकच, बाक बहुधा तेच.

---

माडानी

सगळं छान आहे, पण मराठी शाळांचं एवढं कौतुक करताना एक गोष्ट राहतेय असं मला मनापासून वाटतं. तुमच्या रजिस्टरातलं प्रत्येक मूल घरी कोंकणी बोलत होतं. १६८४ च्या फर्मानाने जी भाषा दडपायचा प्रयत्न झाला तिला शाळेत कुठे जागा होती? १९८७ चा राजभाषा कायदा येईपर्यंत ती पोरकीच राहिली. मी स्वतः मराठीतून शिकलो, मराठीत लिहितो, तरी ही खंत आहे.

---

आंत्रुजकर

माडानीबाब, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. रजिस्टरातच त्याचा पुरावा आहे. जन्मतारखेच्या रकान्यात मास्तरांनी एका ठिकाणी लिहिलंय, ‘आवय म्हणते, शिगम्यापयलीं’ (आई म्हणते, शिमग्याच्या आधी). तारीख सांगता येईना म्हणून आईने जे सांगितलं ते कोंकणीतच टिपलं. बाकी पान मराठी. आमचं बोलणं आणि लिहिणं असंच गुंतलेलं होतं. भाषावादाचा स्वतंत्र धागा तुम्ही काढलात तर मी नक्की येईन.

शेवंतीताई, पहिली मुलगी दुसऱ्या रजिस्टरात दिसते. तिच्यानंतर चार वर्षं एकही नाही. मग एकदम सात. त्या सातजणींपैकी पाचजणींच्या शेवटच्या रकान्यात ‘लग्न झाले’.

कागदवाला, शाई तपकिरीच आहे. तुमचं वाचून रजिस्टरं उघडायची थांबवली.

---

शेवंती

आता लिहिते. माझी आई अशाच एका गावच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकली. कारण लग्न नव्हतं. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. ती भावाला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीशी उभी राहायची. बाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी खिडकीखाली बाहेरून एक चिरा टाकून घेतला, तिला उभं राहायला. वर्ष-दीड वर्ष ती त्या चिऱ्यावर उभी राहून शिकली. पाढे तिला तीसपर्यंत यायचे, आणि ती ते म्हणताना नकळत डावीकडे झुकायची, भाऊ त्या कडेवर असायचा म्हणून.

तिचं नाव रजिस्टरात तिसरीलाच कापलं गेलं असणार. कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला कधी बघता आलं नाही, ती शाळा आता नाही.

१९८६ साली मांडवीचा पूल कोसळला तेव्हा मी पणजीत अकरावीला होते. जुलै महिना, पाऊस, बेतीच्या धक्क्यावर ही गर्दी. घरात चर्चा निघाली की या वर्षी मुलीला नको पाठवायला. आईने कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेपाचला ती माझ्याबरोबर धक्क्यापर्यंत यायची आणि मी फेरीबोटीत चढल्यावरच परतायची.

आंत्रुजकर, फोटो काढायला माणसं लागतील. मी दोन दिवस येऊ शकते.

---

बेतीची फेरी

मीही येतो. ट्रायपॉड आहे माझ्याकडे, मोबाइल वरून सरळ धरता येईल असा.

---

कुळागर

मोडी वाचणारे एक काका आमच्या गावात आहेत. जमिनींचे जुने कागद वाचून देतात. विचारलं, या रविवारी घेऊन येतो. मांजरपाटही आणतो, आमच्याकडे ताग्याने पडून आहे. धुऊन ठेवायला सांगितलंय.

---

आंत्रुजकर

सगळ्यांना काय म्हणू, देव बरें करूं.

काल झालेलं सांगतो. एकूण नऊजण आलो. हेडमास्तरांनी सातवीचा वर्ग उघडून दिला, पूर्वेच्या खिडकीशी दोन बाकं जोडली. संध्याकाळपर्यंत चार रजिस्टरं झाली, सहाशे बारा फोटो. मोडीवाल्या काकांनी पहिल्या रजिस्टराचं पहिलं पान वाचलं. विद्यार्थ्यांची यादी नाहीच ती. शाळा भरवायला कुणी काय दिलं त्याचा जमाखर्च आहे. एकाने दोन वासे, एकाने नारळ, देवळाने तेल, एका विधवेने ‘तांदूळ, दर सोमवारी’. म्हादईताई, तुमच्या मडक्याची आठवण झाली.

लिसेवात गेलेल्या मुलाचा वाडा नोंदीत आहे. त्या घराला आता कुलूप असतं, पण शेजारी म्हणाले की चतुर्थीला मंडळी येतात. चतुर्थीला जाऊन विचारणार.

‘हुशार होता’वाल्या पानाचा फोटो शेवंतीताईंनी काढला. ते पान फार जीर्ण आहे, उलटताना दोघांनी खालून कागद धरला होता. समासातली शाई आरपार गेलीय, मागच्या पानावर तेच दोन शब्द उलटे उमटलेत.

उरलेली सात पुढच्या रविवारी. सकाळी आठला या, नऊनंतर खिडकीत ऊन येतं. पेज-लोणचं आमच्या घरी.